सुस्पष्ट प्रश्न कुठे असतात?

‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द आता शिक्षकांना नवा राहिलेला नाही. १९९० च्या दशकात आपण ‘किमान अध्ययन क्षमतां’चे तक्ते भरले. २०१७ मध्ये एनसीईआरटीने पहिली ते आठवीसाठी इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या आणि तेही तक्ते वर्गात लागले. दहावीनंतर आपले काही विद्यार्थी तंत्रनिकेतनात जातात. तिथल्या भिंतीवरही असाच एक तक्ता असतो. तीन वर्षांची पदविका पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला काय काय करता आले पाहिजे, याची ती यादी असते. तो तक्ता शाळेतल्या शिक्षकांनीही एकदा लक्षपूर्वक वाचावा असे मला वाटते, कारण ज्या मुलांना आपण घडवून पुढे पाठवतो, त्यांच्याकडून पुढे किती अपेक्षा धरली जाते हे त्यातून कळते. माझे म्हणणे असे की ती अपेक्षा फार कमी आहे, आणि ज्या भागात ती सर्वांत जास्त हवी तिथे तिचे कमीपण जास्त जाणवते.

काही काळापूर्वी चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या एका तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहण्यासाठी मला पाहुणा परीक्षक म्हणून बोलावले होते. विद्युत शाखेच्या एका गटाने अंधार पडताच आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा मांडला होता. सुटे भाग बाजारातून संच म्हणून आणलेले, जोडणी नीटनेटकी, दिवाही लागत होता. अहवालाच्या शेवटी कोणकोणती उद्दिष्टे साध्य झाली याचा तक्ता होता आणि त्यात सगळीकडे खुणा होत्या. मी सहज विचारले, “तुझ्या गावात रस्त्यावर किती दिवे आहेत?” मुलगा म्हणाला, “चार, सर. पण दिव्याचं सोडा, आमच्याकडं मोटरच उचलत नाही.”

मग तो दहा मिनिटे बोलत होता. उन्हाळी धानाच्या वेळी संध्याकाळी वीज आली की मोटर नुसती घूं घूं करते. डीपीजवळच्या बांध्यांना पाणी मिळते, तारेच्या टोकाच्या बांध्या कोरड्या राहतात. त्याचे वडील रात्री अकरानंतर, बाकीच्यांच्या मोटरी बंद झाल्यावर, मोटर लावायला जातात. मागच्या हंगामात मोटर जळाली ती दोनदा भरून घ्यावी लागली. कोणाकडे किती अश्वशक्तीची मोटर आहे, कोणाच्या पेटीत कपॅसिटर आहे आणि कोणाच्या पेटीतला काढून टाकला आहे, हेही त्याला तोंडपाठ होते. मी म्हटले, “मग हाच प्रकल्प का नाही घेतला?” तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “ते प्रोजेक्टात नाही बसत जी. त्याला ठरलेलं उत्तर नाही.”

त्याचे हे उत्तर चुकीचे नव्हते. भिंतीवरच्या यादीत त्याचा प्रश्न खरोखरच बसत नव्हता.

यादी कुठून आली?

शिकवण्याची उद्दिष्टे विद्यार्थ्याच्या कृतीच्या भाषेत लिहावीत, हा विचार जुना आहे. अमेरिकेत राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाची आखणी उद्दिष्टांपासून सुरू करावी असे मांडले. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्दिष्टांची चढती श्रेणी तयार केली. बी. एड. करताना ती आपण सर्वांनीच पाठ केलेली असते. १९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्ट कसे लिहावे याचा नमुनाच दिला: विद्यार्थी काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती चांगले करेल.

अभियांत्रिकी शिक्षणात हा विचार देशादेशांतील करारांच्या मार्गाने आला. एका देशाची पदवी दुसऱ्या देशाने ग्राह्य धरावी, यासाठी १९८९ मध्ये सहा देशांच्या संस्थांनी वॉशिंग्टन करार केला. तो चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीसाठी होता. पुढे २००१ मध्ये अभियांत्रिकी तंत्रज्ञांसाठी सिडनी करार आणि २००२ मध्ये पदविकेच्या पातळीवरील तंत्रज्ञांसाठी डब्लिन करार झाला. भारताला वॉशिंग्टन कराराचे कायम सदस्यत्व २०१४ मध्ये मिळाले. आपल्याकडे हे काम नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए, ही संस्था पाहते. तिने पदवीसाठी बारा निष्पत्ती ठरवल्या होत्या, अलीकडच्या सुधारणेत त्या अकरा झाल्या. पदविकेसाठी तिची सात निष्पत्तींची यादी आहे: मूलभूत व शाखेचे ज्ञान, प्रश्नाचे विश्लेषण, उपायाची रचना, साधने-प्रयोग-चाचण्या, समाज व पर्यावरण यांचे भान, प्रकल्प व्यवस्थापन आणि आयुष्यभर शिकत राहणे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे अलीकडचे अभ्यासक्रमही याच धर्तीवर बांधलेले आहेत.

या साऱ्यात चांगले काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. “प्रकरण शिकवून झाले” इथे न थांबता “विद्यार्थ्याला आता काय करता येते” असे विचारायला या याद्यांनी भाग पाडले. समाज, पर्यावरण, नीती हे शब्द अभियांत्रिकीच्या मूल्यमापनात आले ते यामुळेच. दुर्गम भागातल्या संस्थेलाही मुंबई-पुण्याच्या संस्थेच्याच मापाने मोजले जाते, हाही एक प्रकारचा न्यायच आहे. माझा आक्षेप निष्पत्ती लिहिण्याला नाही. पदविकेच्या यादीतल्या एका शब्दाला आहे.

कोणाला कोणता प्रश्न?

तो शब्द म्हणजे ‘सुस्पष्ट’. वर सांगितलेले तीन करार एकमेकांपासून वेगळे ओळखावेत म्हणून प्रश्नांच्या तीन जाती केल्या आहेत. पदवीधर अभियंत्याने ‘गुंतागुंतीचे’ प्रश्न सोडवायचे, मधल्या तंत्रज्ञाने ‘व्यापक व्याख्येचे’, आणि पदविकाधारकाने ‘सुस्पष्ट’ प्रश्न. सुस्पष्ट म्हणजे ज्यात परस्परविरोधी अटी फारशा नाहीत, जो ठरलेल्या पद्धतीने सुटतो आणि ज्याचे नियम पुस्तकात लिहिलेले आहेत असा प्रश्न. आपल्या पदविकेच्या यादीची भाषाही हीच आहे. विश्लेषण करायचे ते सुस्पष्ट प्रश्नाचे आणि प्रस्थापित रीतींनी. रचना करायची ती सांगून दिलेल्या गरजेची, मोठ्या यंत्रणेच्या रचनेत मदत करायची. चाचण्या करायच्या त्या प्रमाणित. संवाद साधायचा तोही सुस्पष्ट कामाविषयी.

कागदावर ही वाटणी तर्कशुद्ध दिसते. तिच्यामागे एका मोठ्या कारखान्याचे किंवा कार्यालयाचे चित्र आहे. वर अभियंता आहे, त्याने गुंतागुंतीचा प्रश्न फोडून त्याचे सोपे तुकडे केले आहेत आणि त्यातला एक तुकडा खाली पदविकाधारकाच्या हातात दिला आहे. असे काम जगात आहेच. पण गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. गावे लहान आणि विखुरलेली आहेत. एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांत पाणीपुरवठा, रस्ता, सौर पंप किंवा विजेची तार यांत काही बिघडले की प्रत्यक्ष जागेवर जो पोचतो तो बहुधा पदविकाधारक असतो किंवा आयटीआय झालेला असतो. प्रश्नाचे तुकडे करून देणारा वरचा अभियंता शे-दीडशे किलोमीटर दूर असतो. जागेवरच्या माणसापुढे जे येते त्याला प्रश्नसुद्धा म्हणता येत नाही. ती नुसती तक्रार असते: मोटर उचलत नाही, पाणी पिवळे येते, तलाव पूर्वीसारखा मार्चपर्यंत टिकत नाही.

तेव्हा यादीतली उतरंड इथे उलटी होते. जो वर आहे त्याच्याकडे सुस्पष्ट झालेला प्रश्न पोचतो आणि जो खाली आहे त्याला धूसर प्रश्नाला तोंड द्यावे लागते. आणि नेमके त्यालाच आपण तीन वर्षे सांगत आलो असतो की धूसर प्रश्न हे तुझे काम नव्हे.

मोटर का उचलत नाही?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे जरा बारकाईने पाहू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना यातले पदार्थविज्ञान सहज समजेल.

शेतीपंपाची मोटर ही प्रवर्तन मोटर असते. सुरू होताना ती जे आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचे बळ, देते ते विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ८० टक्क्यांवर आला तर बळ ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के होते. दाब ७० टक्क्यांवर आला तर बळ निम्म्यावर येते. दाब थोडा कमी झाला असे वाटते, पण मोटरीच्या दृष्टीने तो पुष्कळ कमी झालेला असतो. त्यातच सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. ती फिरलीच नाही तर हा मोठा प्रवाह तसाच वाहत राहतो, गुंडाळी तापते आणि जळते. घूं घूं आवाज येतो तो याच अवस्थेत.

दाब का पडतो? तारेला रोध आहे. जितका प्रवाह जास्त आणि तार जितकी लांब व बारीक, तितकी घट जास्त. म्हणून टोकाची बांधी कोरडी. इथपर्यंत प्रश्न पुस्तकातला आहे. पुढे तो पुस्तकाबाहेर जातो. डीपीची क्षमता कमी आहे की जोडण्या सैल आहेत? मंजूर मोटरींपेक्षा जास्त मोटरी लागल्या आहेत का? अनेक शेतकरी स्वयंचलित स्टार्टर बसवतात. रात्री वीज आली की शेतात जायला नको, हा त्यामागचा अगदी योग्य हेतू. पण त्यामुळे वीज येताच सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात, आणि ज्या क्षणी दाब जास्त हवा त्याच क्षणी तो सर्वांत खाली जातो. कपॅसिटर लावले तर शक्तिगुणक सुधारतो. तो ०.८ वरून ०.९५ वर गेला तर तारेतला प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी आणि तार तापण्यात वाया जाणारी ऊर्जा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते. पण एकट्याने कपॅसिटर लावून त्याचा फायदा सर्वांना वाटला जातो, खर्च मात्र त्या एकट्याला. मग तो कशाला लावेल?

म्हणजे या प्रश्नात ओहमचा नियम आहे, मोटरीचे शास्त्र आहे, हिशेब आहे, आणि वीस शेतकऱ्यांनी आपसांत पाळी ठरवण्याचाही भाग आहे. कदाचित सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळा विलंब लावणे, आणि त्यासाठी एकदा सर्वांनी एकत्र बसणे. तारेच्या सुरुवातीला आणि टोकाला आठवडाभर दर अर्ध्या तासाला दाब मोजायचा, त्या वेळी किती मोटरी चालू होत्या ते लिहायचे, आणि आलेख काढायचा. खांबाला किंवा डीपीला विद्यार्थ्याने हात लावायचा नाही. ते मोजमाप लाइनमन करील, विद्यार्थी नोंद घेईल. एवढ्यावरून वरच्या पाच-सहा कारणांतली कोणती खरी आणि कोणती दुय्यम हे बऱ्यापैकी उलगडते. पदविकेच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे यात काहीही नाही.

आणि हा प्रश्न कुठला आहे हेही लक्षात घ्यावे. याच चंद्रपुरात २९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. वीज निर्माण करण्याचा गुंतागुंतीचा प्रश्न तिथे सुटलेला आहे. तिथून पुढे तारेच्या शेवटच्या खांबापर्यंतचा प्रश्न मात्र कोणाच्याच यादीत बसत नाही.

दहापर्यंत मोजणाऱ्या दाईचे उपकरण

कोणी म्हणेल की धूसर तक्रारीतून नेमका प्रश्न काढणे ही विरळ प्रतिभेची गोष्ट आहे, ती अभ्यासक्रमात कशी आणणार? याचे उत्तर देण्यासाठी गडचिरोलीतच घडलेले एक उदाहरण घेतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. लहान मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ही तिथली मोठी समस्या होती. औषध उपलब्ध होते, पण डॉक्टर दूर. तेव्हा निदान गावातच व्हायला हवे होते. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसे आणि तिच्याकडे घड्याळही नव्हते.

यावर त्यांनी श्वासमापक तयार केला. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका आहे आणि मण्यांच्या ओळी आहेत. घटिका उलटी करायची आणि श्वास मोजू लागायचे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दाईला फक्त दहापर्यंत मोजता आले की पुरे. गावपातळीवर निदान आणि उपचार देण्याच्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झाले तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी होते. उपकरणाचे वर्णन पुढे १९९२ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे उपकरण पाहावे. त्यात वीज नाही, आकडे नाहीत, अक्षर नाही. वाळू आणि मणी शतकानुशतके माणसाला माहीत आहेत. नवीन आहे ती प्रश्नाची मांडणी. “दाईला मोजायला कसे शिकवावे” असा प्रश्न ठेवला असता तर साक्षरता वर्ग सुरू करावा लागला असता. “दाईला जेवढे येते तेवढ्यात साठची मर्यादा कशी ओळखता येईल” असा प्रश्न ठेवला, आणि उपाय हाताशी आला. हे काम अभियंत्यांनी केले नाही, डॉक्टरांनी केले, याचा आपण तंत्रशिक्षणवाल्यांनी विचार करायला हवा. रचना शिकवताना तंत्रनिकेतनातील प्रत्येक वर्गात हे उपकरण टेबलावर असायला हवे. ज्याला आपण प्रतिभा म्हणतो तिच्या पायऱ्या इथे स्पष्ट दिसतात: जागेवर जाऊन पाहणे, कोणती राशी मोजायची ते ठरवणे, मोजणारा कोण हे पाहणे, आणि साधन त्याच्या हाताला जुळेल असे करणे. यातली प्रत्येक पायरी शिकवता येते आणि तपासताही येते.

सरासरीचे जंगल

आता तपासण्याच्या सध्याच्या रीतीकडे वळू. प्रत्येक विषयाच्या पाच-सहा निष्पत्ती असतात. त्या कार्यक्रमाच्या निष्पत्तींशी जोडायच्या आणि संबंध किती दाट ते १, २ किंवा ३ या आकड्यांनी दाखवायचे. मग गुणांवरून साध्यता काढायची, तीही १, २, ३ अशा पातळ्यांत. किती टक्के मुलांना किती गुण मिळाले म्हणजे कोणती पातळी, हे बहुधा संस्थाच ठरवते. शेवटी गुणाकार, बेरीज, सरासरी करून समजा २.३७ असे उत्तर येते आणि ते अहवालात जाते. कितीतरी शिक्षकांच्या सुट्ट्या या तक्त्यांत जातात.

मापनशास्त्राच्या दृष्टीने इथे एक प्राथमिक चूक आहे. १९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने मोजपट्ट्यांचे प्रकार सांगितले. काही पट्ट्या फक्त क्रम सांगतात. कमी, मध्यम, जास्त यांना १, २, ३ म्हटले म्हणून दोन पायऱ्यांमधले अंतर सारखे होत नाही. त्यांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे.

आपल्या जंगलाचेच उदाहरण घ्या. भारतीय वन सर्वेक्षण छत्राच्या दाटीवरून जंगलाचे विरळ, मध्यम दाट आणि अति दाट असे वर्ग करते. विरळ म्हणजे १० ते ४० टक्के, मध्यम ४० ते ७०, अति दाट ७० च्या वर. यांना १, २, ३ असे आकडे द्या. एका गावाला एक पट्टा अति दाट आहे आणि एक विरळ. सरासरी आली २. म्हणून त्या गावाचे जंगल मध्यम दाट आहे, असे म्हणायचे का? मध्यम दाट जंगल त्या गावात कुठेच नाही! वन सर्वेक्षण निदान आधी छत्र मोजते आणि मग वर्ग पाडते. आपण आधी वर्ग पाडतो आणि मोजण्याचे राहूनच जाते.

याचा परिणाम त्या विद्युत शाखेच्या मुलावर असा होतो. त्याने आणलेल्या संचाच्या दिव्याने सातही निष्पत्तींना आकडे मिळतात. मोटरीविषयी त्याला जे कळते, जे त्याच्या शिक्षणाचे सर्वांत मोलाचे फळ आहे, त्याला एकाही रकान्यात जागा नाही. त्याच्या घरी गोंडी बोलत असतील, सिरोंच्याकडचा असेल तर तेलुगू, मुलचेऱ्याकडचा असेल तर बंगाली. चार गावांत जाऊन चार भाषांत प्रश्न विचारू शकणारा तंत्रज्ञ ही या भागाची संपत्ती आहे. संवादकौशल्याची परीक्षा मात्र इंग्रजीतल्या दहा मिनिटांच्या सादरीकरणाने होते आणि तिथे तो घाबरा ठरतो.

मग काय करावे?

हे सारे करून दाखवणारी माणसे महाराष्ट्रात झालेली आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या उद्योगातील संशोधनाचे काम सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली मुले तिथे गावाला सेवा देत देत तंत्र शिकली. जमिनीचा विद्युत रोध मोजून विहिरीची जागा सुचवणे हे त्यातले एक काम. उत्तर चुकले तर शेतकरी जाब विचारणार, याहून चांगली परीक्षा कोणती? २०१६ मध्ये राज्य शासनाने आयआयटी मुंबईच्या सहभागाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, तेही अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत यासाठीच. तेव्हा वाट अगदीच अनोळखी नाही.

एक शंका मला गंभीर वाटते. “आदिवासी भागातल्या मुलांना गावचे प्रश्न आणि शहरातल्यांना संगणक, अशी ही दुय्यम दर्जाची वाटणी होणार नाही का?” ही भीती खरी आहे आणि तिला इतिहासाचा आधार आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: मी पट्टी खाली आणायला सांगत नाही, वर न्यायला सांगतो. ‘सुस्पष्ट प्रश्न’ हीच खालची पट्टी आहे. आणि हा मुलगा बल्लारपूरच्या कागद गिरणीत, राजुरा-कोरपन्याच्या सिमेंट कारखान्यात किंवा पुण्याच्या मोटार उद्योगात गेला तरी तिथलेही यंत्र आपल्या बिघाडाचे नाव सांगून बंद पडत नाही. धूसर तक्रारीतून प्रश्न काढता येणारा तंत्रज्ञ सगळीकडेच हवा असतो.

दुसरी शंका वेळेची. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, अभ्यासक्रम भरगच्च. हे मान्य. पण संचाचा दिवा करायलाही सत्र जातेच. तेवढ्याच तासांत मोजमाप होऊ शकते, आणि तक्ते भरण्याचे काम निम्मे केले तर उरलेला वेळ मुलांबरोबर गावात घालवता येईल.

माझ्या मते पदविकेच्या यादीत एक निष्पत्ती अशी असावी: विद्यार्थ्याला परिसरातील एखादी तक्रार मोजता येईल अशा प्रश्नात बदलता येते, ते मोजमाप करता येते आणि त्यात किती चूक असू शकते ते सांगता येते, किमान दोन उपायांची खर्च, देखभाल आणि संबंधितांची तयारी या अंगांनी तुलना करता येते, आणि निष्कर्ष त्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून देता येतो. हे तपासायला सरासरी नको. विद्यार्थ्याची नोंदवही, त्याचा आलेख आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यापैकी दोघांच्या उपस्थितीत तोंडी परीक्षा, एवढे पुरेल. प्रश्न पूर्ण सुटला नाही तरी चालेल. कोणते कारण खरे नाही हे मोजून सिद्ध केले, तर तेही उत्तरच आहे.

शाळेतल्या शिक्षकांना यासाठी तंत्रनिकेतनाची वाट पाहण्याचे कारण नाही. नववीच्या वर्गाला घरच्या तीन तक्रारी लिहून आणायला सांगा. त्यातली एक निवडा आणि वर्गाला एकच विचारा: “यात आपल्याला काय मोजता येईल?” हातपंपाची बादली भरायला किती हिसडे लागतात, तलावाची पातळी दर आठवड्याला किती बोटे उतरते, संध्याकाळी आणि मध्यरात्री दिव्याचा उजेड सारखा असतो का, असे काहीही चालेल. महिनाभर नोंदी ठेवा. जे निघेल ते आम्हाला अवश्य कळवा, आणि नोंदी ठेवताना काय चुकले तेही कळवा.

तो मुलगा निघताना मी त्याला विचारले होते की मोटरीचा आवाज कोणत्या वेळी बदलतो, हे तो लिहून ठेवतो का. तो म्हणाला, “लिहून नाही ठेवत सर, पण बाबांना विचारलं तर तारखेनुसार सांगतील.” त्याला एक वही घ्यायला सांगून मी पुढच्या टेबलाकडे गेलो. गुण मात्र मला दिव्यालाच द्यावे लागले, कारण रकाने तसे होते.